भासऱ्यांचा खड्डा आणि माझी बदकं

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडवाटेला आमचा मळा होता. सासरे गेल्यावर दोघा भावांनी तो वाटून घेतला. वरची बाजू माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे गेली. खालची आमच्याकडे आली. मधे बोराटीचं कुंपण घातलं आणि विहीर दोघांत राहिली. एक दिवस त्यांची मोट, एक दिवस आमची, असं पंचांसमोर तोंडी ठरलं होतं. भासऱ्यांनी ते कधी सरळ पाळलं नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्या भाजीला पाणी लागायचं, नेमका तेव्हाच त्यांचा बैल मोटेला जुंपलेला असायचा.

तो कापसाच्या तेजीचा काळ होता. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा मान आला, एवढंच आम्हा बायकांना ठाऊक होतं. माणसं मात्र डोळ्यांदेखत बदलली. भासऱ्यांनी वांगी, मुळे, कांदे उपटून टाकले आणि सगळ्या रानात कपाशी पेरली. पुढच्या सालापासून ते दुसऱ्यांचाही कापूस घेऊ लागले. अंगणात रेचे मांडले. दोन फिरत्या रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी काढायचं ते लाकडी यंत्र. गावच्या बाया दिवसभर ते फिरवत बसायच्या. त्याची करकर आमच्या चुलीपर्यंत यायची, आणि वारा सुटला की रुईचे तंतू आमच्या भाकरीवर येऊन बसायचे.

आमचे धनी भाजीवरच राहिले. भावाची बरोबरी करायची त्यांची छाती नव्हती. भासरे कुंपणावरून जाता जाता म्हणायचे, "वांगेच इकत राय जल्मभर." धनी हसून मान खाली घालायचे. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

मला स्वतःला काही बोलायची सोय नव्हती. भासऱ्यांशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, ते अंगणात आले तर पदर ओढून भिंतीआड व्हायचं, ही आमची रीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझा आवाज त्यांनी सरळ ऐकला नव्हता. काही सांगायचं झालं तर मी जावेला सांगायची, आणि जाऊ ते स्वतःचं तिखट-मीठ लावून पुढं पोचवायची.

छावणीतल्या एका साहेबाचा खानसामा आमच्याकडे भाजी न्यायला येत असे. अचलपूरचा म्हातारा माणूस होता, तोंडानं फटकळ. एकदा मेथीची जुडी उलटीपालटी करत तो म्हणाला, "बाई, बदकं पाळता का? सायबाला बदक पाहिजे. या मुलखात कोणी नीट पाळत नाही. अंडी मी देतो, तुमची कोंबडी बसवा."

आमच्या घरात कोंबड्या होत्या, बदकं कधी नव्हती. धन्यांनी भावाच्या घराकडे पाहिलं. ते पाहिलं नसतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "आणा अंडी."

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. बहुतेक सगळी फुटली आणि पिवळी, चपट्या चोचीची, दिसायला वेडगळ अशी पिल्लं बाहेर आली. खानसामा ती पाहायला आला आणि मला दरडावून सांगून गेला. पाणी उथळ ठेवायचं. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडली पाहिजे, कारण नाकात भरलेला कोंडा धुतला गेला नाही की पिल्लू गुदमरतं. पण पिल्लाला आत बसता येता कामा नये. "त्याच्या आईच्या अंगाला तेल असतं, ते पिल्लाला लागतं. तुमच्या कोंबडीला कुठलं तेल? भिजलं की गारठून मरेल. मग मला सांगू नका." मी मातीचा मोठा परळ घेतला, त्यात गोटे रचले आणि गोट्यांच्या मधे पाणी ठेवलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी बदलायचं. बदकं पाण्याचा चिखल करतात, कोंबडीसारखी शिस्त त्यांना नाही. परळ घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली.

जाऊ कुंपणापाशी येऊन उभी राहायची. "काय वं, देवपूजा करून राहिली का बदकाची? माळ्याच्या घरात हे काय थेर!" मी परळ घासत राहायची. माझं माहेर अकोल्याकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथं विहिरीला पाणी असतं पण तोंडात धरवत नाही. लहानपणापासून पाणी चाखून मगच घागर भरायची सवय. पाण्याच्या बाबतीत मला कुणी हसलं तर मला त्याचं काही वाटत नसे.

चैत्रात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. पिल्लांना अंगभर कोवळी पिसं फुटायला लागली होती. मी धन्यांना परळाचं सगळं समजावून सांगितलं आणि बैलगाडीनं अकोल्याकडे गेले. लग्न आटोपून, वाटेत मुक्काम करत परत आले तेव्हा उन्हं चढत होती. गाडीतून उतरले तर धनी दारातच उभे. चेहरा पडलेला.

"पिल्लं सुस्त हायेत कालपासून," ते म्हणाले.

मी गाठोडं तसंच टाकून मागं धावले. दोन पिल्लं मरून पडली होती. बाकीची भिंतीच्या सावलीला बसली होती, पण बसणं ते नव्हतंच. पाय मागं पसरलेले. एक उठायला गेलं आणि छातीवर आपटलं. दुसऱ्यानं मान वर उचलली, ती डुलली आणि ओल्या चिंधीसारखी बाजूला पडली. डोळ्यांवर पापणी अर्धी उतरलेली. मी एकाला हातात घेतलं तर मान बोटांच्या मधून खाली लोंबली. जीव होता, पोट हलत होतं, पण मानेत काही उरलं नव्हतं.

मला पहिला संशय जावेचा आला. कुंपणाशी जाऊन मी ओरडले, "काय चारलं माया पाखरायले? बोला!"

जाऊ हात ओला तसाच घेऊन बाहेर आली. "आमी काहून चारू? आमाले कामं नाईत? तुया नवऱ्याले इचार!"

मी धन्यांना विचारलं. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. मी गेल्यापासून भासऱ्यांनी मोट आमच्याकडे येऊच दिली नव्हती. कापसाचं काम आहे, आज थांब, उद्या घे, असं रोज चाललं होतं. पोहरा आणि दोरही त्यांनी आपल्या पडवीत नेऊन ठेवला होता. धनी प्यायला पाणी वाटेवरच्या आडावरून आणत होते आणि उरलं तर परळात ओतत होते. चैत्राच्या उन्हात ते किती टिकणार? परळ कोरडा पडला, तशी पिल्लं कुंपणाखालून पलीकडे जायला लागली.

"पलीकडं कुठं?" मी विचारलं.

"खड्ड्यावर," धनी म्हणाले.

तो खड्डा मला माहीत होता. कुंपणाला लागूनच भासऱ्यांनी खणला होता. त्यात मोटेचं पाणी सोडायचे आणि तिथून घागरींनी उचलून रुईच्या ढिगावर शिंपडायचे. ओली रुई वजनाला जड भरते. तेव्हा किती जण हे करत, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्याच खड्ड्यात किडकी सरकी, केरकचरा, काय हाती येईल ते लोटलं जायचं. उन्हानं पाणी आटलं की खाली हिरवट-काळा गाळ उरायचा आणि त्यावर फेस यायचा.

मी मेलेलं पिल्लू उलटं करून पाहिलं. पायांना काळा गाळ, चोचीला सरकीचे केस चिकटलेले. मग मला डाल्याखालची दोन आठवली. कोंबडी चोच मारायची म्हणून जाण्याआधी मीच ती दोन अशक्त पिल्लं वेगळी कोंडली होती आणि धन्यांनी त्यांना वाटीतून आडाचं पाणी पाजलं होतं. मी डालं उचललं. दोन्ही ताठ मानेनं माझ्याकडे बघून ओरडायला लागली. घरात सगळ्यात दुबळी ती दोनच, आणि तीच धडधाकट होती. मला दुसरा पुरावा नको होता.

आजारी पिल्लांना आधी स्वच्छ पाणी पाहिजे होतं. घरात घागर पालथी पडलेली. विहीर समोर होती आणि पोहरा भासऱ्यांच्या पडवीत. मी धन्यांना म्हटलं, "जा, पोहरा आना."

ते म्हणाले, "दादा देनार नाई आज."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला. हातात ते मान लोंबलेलं पिल्लू तसंच होतं. कुंपणाच्या वाटेनं मी सरळ भासऱ्यांच्या अंगणात गेले.

बाया रेचे फिरवत होत्या. भासरे बाजेवर बसून दुसऱ्या एका माणसाशी बोलत होते. मी भिंतीआड गेले नाही. त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पाणी पाहिजे मले. पोहरा द्या."

रेचे थांबले. इतके दिवस सतत ऐकलेली करकर एकदम थांबली, तेव्हा मला माझ्याच आवाजाची भीती वाटली.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यामागं कुंपणाशी आलेल्या धन्यांकडे बघून ते म्हणाले, "भाऊ, तुया बायकोले सांग, आज पाळी आमची हाय."

"त्याईले कायले सांगता? मी समोरच उभी हाओ. पाळी तं कालबी तुमचीच होती आन् परवाबी तुमचीच."

"मायबाई!" जाऊ दारातून ओरडली. "भासऱ्याच्या तोंडाले लागून राहिली! लाज हाय का नाई तुले?"

"पिल्लं मरून राहिले माये. लाज मंग पाहीन."

"मरू दे," भासरे म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घान हाय ते. सारा मळा नासवला. सारे मेले तं बरंच होईन."

मी पडवीत गेले, खुंटीवरून दोर काढला, पोहरा उचलला आणि विहिरीवर गेले. त्यांनी मला अडवलं नाही. एवढ्या बायांसमोर धाकट्या भावाच्या बायकोला हात लावणं त्यांना शक्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पाणी आणलं. पिल्लांना परळ दाखवून उपयोग नव्हता. मान धरवत नव्हती. एकानं चोच बुडवली ती वर काढताच येईना, मी ओढलं नसतं तर बोटभर पाण्यात बुडून मेलं असतं. तेव्हा मी जुन्या लुगड्याची घडी करून प्रत्येकाच्या मानेखाली उशी दिली. चिंधी पाण्यात बुडवून चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडायची, ते गिळलं की थांबायचं, मग पुन्हा. धनी शेजारी येऊन बसले. त्यांनी दुसरी चिंधी घेतली. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो. तेवढ्या वेळात आणखी काही मेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं मान उचलली. थरथरत होती, पण उचललेली राहिली. मग आणखी दोघा-तिघांनी.

खानसामा आला, त्यानं लांबूनच पाहिलं आणि पाय मागे घेतला. "मला यातलं एक पण नको," तो म्हणाला. "आजारी बदक सायबाच्या ताटात गेलं तर माझी नोकरी जाईल." मी त्याला खड्डा दाखवला. त्यानं नाक दाबलं. "याच पाण्यानं होतं असं. सडलं पाणी प्यालं की मान जाते. पण मी काय करू? तुमच्या घरचं भांडण तुमचं." आणि भाजी न घेताच गेला.

एवढ्यानं भासऱ्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी गावभर केलं की माझ्या बदकांची रोगराई विहिरीत उतरली आणि त्यांचा बैल चारा खात नाही. पंचांतले चार म्हातारे बोलावले. ते आमच्या अंगणात कडुलिंबाखाली येऊन बसले. त्यांच्यातला सगळ्यात थोरला, पांढऱ्या मिशांचा, धन्यांना म्हणाला, "बदकं काढून टाक बाप्पा. सामाईक विहीर हाय. उद्या मानसाले काई झालं तं?"

धन्यांनी मान खाली घातली. भासरे मागं हात बांधून उभे होते, चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू.

मी बाहेर आले. आता काय राहिलं होतं आत बसून? म्हटलं, "बाबा, विहिरीचं पाणी मी आत्ता तुमच्यासमोर पिते. मंग तुमी त्याईले सांगा, खड्ड्यातलं एक घोट प्या म्हना."

"बाईनं पंचात बोलू नये," एक जण म्हणाला.

"मंग बोलत नाई. पाहा तं."

मी पुढं चालायला लागले. नाइलाजानं सगळे उठून कुंपणाशी आले. मी एक लांब काठी घेऊन खड्ड्यातला गाळ ढवळला. असा वास सुटला की म्हाताऱ्यांनी उपरण्याची टोकं तोंडाला लावली. काठीला मेलेला उंदीर लागून वर आला. त्याच्यामागं दुसरा. सडलेली सरकी गोळ्यागोळ्यांनी वर तरंगली.

"हे पाणी पिऊन मेले माये पाखरं," मी म्हटलं. "आन् हेच पाणी त्या ढिगावर मारतात." मी काठीनं रुईचा ढीग दाखवला. जवळ घागरी भरून ठेवलेल्याच होत्या, आणि ढिगाची एक बाजू ओलीगच्च होती. "कापूस घेनारा तिकडं बडनेऱ्याले बसला हाय. त्याले हे ठाऊक हाय का, तेबी इचारा."

मला वाटलं होतं, आता म्हातारे भासऱ्यांवर तुटून पडतील. पण एक जण जमिनीकडे बघत होता, एक मिशी ओढत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या चौघांच्याही अंगणात रुईचे ढीग होते आणि त्यांच्या शेजारी घागरी. माझ्या बोलण्यानं त्यांना भासऱ्यांचा राग आला नाही. माझा आला.

शेवटी पांढऱ्या मिशांचा म्हातारा भासऱ्यांना म्हणाला, "खड्डा आजच बुजव." मग धन्यांकडे वळून, "आन् हिच्या तोंडाले कुलूप लाव. पुन्हा असं बाहेर बोलली तं आमी पानी बंद करू तुमचं."

बदकांचं नाव कुणी काढलं नाही. ते विसरूनच गेले होते.

खड्डा त्याच दुपारी बुजला. भासऱ्यांनी स्वतः फावडं घेतलं, आणि दर फावड्याला ते मला एक शिवी देत होते, मोठ्यानं, वाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल अशी. दुसऱ्या दिवशी त्यांची भरलेली गाडी नेहमीची वाट सोडून आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यांतून निघाली. बैलांच्या खुरांनी हिरवा लगदा झाला. मी दारातून ओरडणार, तोच धनी पुढं झाले. गाडीसमोर जाऊन त्यांनी दोन्ही बैलांची वेसण धरली.

"गाडी मागं घे, दादा."

"सोड वेसन."

"मागं घे. इथून आता चाक पुढं जानार नाई."

ते मोठ्यानं बोलत नव्हते. पण त्यांनी वेसण सोडली नाही. मग भासऱ्यांनी गाडी मागं घेतली, आणि मागं घेतानाही उरलेला एक वाफा तुडवून घेतला.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही मळ्याच्या खालच्या टोकाला आपली वेगळी विहीर खणायला घेतली. खणताना भासरे कुंपणाशी येऊन म्हणायचे, "खारं लागो तुमाले." पाणी लागलं तेव्हा मीच खाली उतरून पहिलं तोंडात घेतलं. गढूळ होतं, पण गोड होतं. मी वर येऊन ते कुंपणापाशी मोठ्यानं सांगितलं.

वाचलेली बदकं मोठी झाली. खानसामा पुढं स्वतःहून परत आला, पुन्हा फटकळपणानं एकेकाची मान हातात धरून पाहिली आणि घेऊन गेला. नंतर मी दर वर्षी बदकं पाळली. त्यांच्या पाण्याला मी घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. परळ माझ्या डोळ्यांसमोर भरला गेला पाहिजे, नाहीतर ओतून द्यायचा. धनी याला चिडायचे. मी ऐकलं नाही.

लढाई संपली म्हणे, आणि कापूस घसरला. वरच्या अंगणातले रेचे हळूहळू थांबले. भासरे पुन्हा वांगी लावू लागले. बाजारात त्यांची पाटी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असायची. गिऱ्हाईक आमच्याकडून उठून त्यांच्याकडे गेलं तरी आम्ही तिकडे बघत नव्हतो आणि तेही इकडे बघत नव्हते.

ते गेले तेव्हा धनी खांदा द्यायला गेले. मीही गेले, बायकांत बसले. जाऊ रडत होती, आणि रडता रडता पदराआडून माझ्याकडे बघत होती, मी रडते का ते पाहायला. मी रडले नाही. आल्या बायकांना पाणी दिलं, चूल पेटली नव्हती म्हणून मुलांसाठी घरून भाकरी आणून ठेवल्या, आणि दिवस मावळायच्या आत परत आले.